उजवी डावीप्रमाणे

मास्तरांचं डोकं तापायला फार काही लागत नसे. उलटा वारा, चाकातली गेलेली हवा, दोन ट्रायलच्या मधे पोट वाढवून येणारं गिऱ्हाईक, यातलं काहीही पुरायचं. पण त्या आठवड्यात ज्याने त्यांचं डोकं फिरवलं ते त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं. त्यामुळे राग काढायचा कुणावर, ही मोठीच पंचाईत झाली.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान जिन्याखाली, म्हणजे आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. एक मशीन, कापायचं एक टेबल, भिंतीला टांगलेल्या कागदी नमुन्यांच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर काजं-बटणं करत बसलेली बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती कमी बोले आणि बोलताना सुईवरची नजर काढत नसे, त्यामुळे तिचं बोलणं नेमकं कुणाला उद्देशून आहे हे नव्या माणसाला कळायला वेळ लागे. मास्तरांना मात्र लगेच कळे, कारण बहुतेक वेळा ते त्यांनाच उद्देशून असे.

सहा दिवस मास्तर कापड कापत आणि रविवारी सायकल काढून पडकी देवळं बघायला जात. हा नाद त्यांना एका पॅन्टीपायी लागला. एकोणीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची पॅन्ट घरपोच द्यायला ते दूरच्या वस्तीवर निघाले, वाट चुकले, आणि माळावरच्या एका पडक्या देवळासमोर येऊन थांबले. आतला देव केव्हाच गेला होता, छप्पर अर्धं होतं, पण खांबांवर दगड असा बसवलेला की जोड दिसू नये. शिवण लपवायला काय मेहनत पडते हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी त्या जोडावरून बोट फिरवलं, पॅन्ट द्यायची विसरले, आणि पुढच्या रविवारी टेप घेऊन परत आले.

तेव्हापासून एक्केचाळीस देवळं झाली. खर्चाच्या बाबतीत नियम कडक. पाणी घरचं, डबा घरचा, पंक्चर आपल्या हाताने काढायचं, आणि ज्या देवळाला तिकीट आहे तिथे पाऊल टाकायचं नाही. "ज्याला तिकीट लागलं त्याला विचारणारे पुष्कळ आहेत," असं ते ऐटीत सांगत. तिकीट परवडत नसे हेही तितकंच खरं होतं, पण ते सांगायचं कारण नव्हतं. सायकल पेपर टाकणाऱ्याकडून घेतलेली जुनी होती. तिच्या मागच्या कॅरिअरवर मास्तरांनी कोटाच्या उरलेल्या कापडाची गादी शिवून बसवली होती. पहिली आठ वर्षं त्या गादीवर मास्तरीणबाई बसायच्या. मग त्यांनी यायचं सोडलं. गुडघे दुखतात, असं मास्तर लोकांना सांगत.

आता त्यांच्या मोजायच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. शिंपी कापड घडी घालून कापतो. पाठीचा अर्धाच आकार आखायचा, घडीवर ठेवायचा, कातर फिरवायची. उलगडलं की दुसरी बाजू आपोआप तशीच. हे बत्तीस वर्षं केल्यावर माणसाच्या हाताला पूर्ण पाठ आखायची सवयच राहत नाही. मास्तर देवळापुढे उभे राहिले की हेच करत. ही देवळं सारी पूर्वेला तोंड करून, त्यामुळे दारासमोर उभं राहिलं की डावीकडे ऊन आणि उजवीकडे सावली. उजेडात आकडे नीट दिसतात. तेव्हा डावी बाजू मोजायची, बोटाच्या पेरापर्यंत, एका देवळाला पाच-पाच सहा-सहा रविवार घालवून मोजायची, आणि पानाच्या खाली लिहायचं: उजवी डावीप्रमाणे. वेळ वाचला, कागद वाचला, परतीचा उजेड वाचला. एक्केचाळीस देवळांखाली तेच दोन शब्द होते, आणि त्यांत आपण काही चूक करतोय असं मास्तरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सगळ्यात जवळचं देऊळ खाणीच्या रस्त्याला होतं, चौदा किलोमीटरवर. त्याचे उतरते खांदे बघून मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं होतं कोट. जवळचं म्हणून तिथे सगळ्यात जास्त फेऱ्या झालेल्या. दोन महिन्यांपूर्वी तो रस्ता रुंद करायला घेतला, आणि दगड वाहणारा एक ट्रक रिव्हर्स घेता घेता कोटाच्या उजव्या भिंतीवर गेला. भिंत आडवी झाली. कंत्राटदाराने नसती झंझट नको म्हणून पडलेले दगड उचलले, खडीच्या मशीनमध्ये घातले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावर पसरून वर रोलर फिरवला. इतकी शतकं उभी राहिलेली भिंत दीड दिवसात खडी झाली. पेपरात आलं, आरडाओरडा झाला, आणि मग जुन्या वास्तूंच्या खात्याला जाग आली. मास्तरांनी ती बातमी वाचली तेव्हा दोन दिवस त्यांनी कातर हातात धरली नाही.

मंगळवारी सकाळी त्या खात्यातल्या मॅडम जिन्याखाली वाकून आत आल्या.

"मास्तर तुम्हीच ना? देवळं मोजणारे?"

हा प्रश्न मास्तरांना आजवर बऱ्याच जणांनी विचारला होता, पण दरवेळी विचारणाऱ्याच्या ओठांत हसू दाबलेलं असायचं. या बाई गंभीरपणे विचारत होत्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली, स्टूल पुसलं, आणि वही काढून त्यांच्यापुढे ठेवली.

मॅडमनी पानं उलटली. "अहो, कंगोऱ्यांचीसुद्धा मापं आहेत! आमच्याकडे या देवळाचा एक फोटो आहे फक्त, तोही समोरून. कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"कोट शिवतो ना," मास्तर म्हणाले. आनंदाने त्यांना याहून धड उत्तर सुचलं नाही.

"काम मंजूर झालंय. पैसे या महिनाअखेर वापरले नाहीत तर परत जाणार. नकाशा नव्हता म्हणून अडलं होतं सगळं." मॅडमचं बोट पानाच्या तळाशी आलं. "उजवी डावीप्रमाणे. म्हणजे उजवी मोजलीत, आणि तशीच भरली?"

इथे मास्तरांनी साधं 'नाही' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि तिथून उतरायला माणसाचा पाय निघत नाही.

"मॅडम, बत्तीस वर्षं कोट कापतोय. एका खांद्यावरून दुसरा कळतो आम्हाला."

"मग प्रश्नच मिटला. डावीची उलटी प्रत उजवीकडे उभी करायची." त्यांनी एक छापील कागद टेबलावर ठेवला. "उजवी बाजू अशीच होती, एवढं लिहून सही करायची. शुक्रवारी वही घेऊन ऑफिसात या. देवळापुढे फलक लागेल, त्यावर तुमचं नाव येईल. यांच्या वहीतल्या मापांवरून, असं."

मॅडम गेल्या. मास्तर दारात उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. फलकावर आपलं नाव कसं दिसेल, अक्षर केवढं असेल, हे त्यांच्या मनात घोळू लागलं होतं.

"ओटा पण बांधणार का हो ते?" मागून आवाज आला.

"कसला ओटा?"

"उजवीकडचा." मास्तरीणबाईंनी दोरा दाताने तोडला. "कोटाच्या."

"उजवीकडे ओटा नव्हता."

"मग मी एवढे रविवार बसायचे कशावर?"

मास्तर वळले. "पडलेला दगड असेल एखादा."

"पडलेल्या दगडाला कुणी काठ गोल करत नाही. भिंतीतच कोरून घेतलेला होता, दोन माणसं आरामात बसतील एवढा. पाठीमागे भिंत आत गेलेली. आणि डोक्याच्या वर एक झरोका होता, लहानसा. त्यातून तुमचं आतलं आकडे पुटपुटणं ऐकू यायचं सगळं."

"डावीकडे झरोका नाही!"

"मी डावीकडचं कुठे सांगतेय?"

"एवढी वर्षं तोंडातून ब्र काढला नाहीस?"

"मला काय माहीत तुम्ही त्या बाजूचं काही लिहिलंच नाही ते! मला वाटायचं, मी झाडाखाली डबा धुवायला गेले की येत असाल इकडे."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकांना काय कळतं, ऊन लागलं असेल, दुसऱ्या कुठल्या देवळाशी घोटाळा होत असेल, असं बरंच काही ते बोलले. मास्तरीणबाई पुढचं बटण लावू लागल्या. मग मास्तरांनी तिचं तोंड बंद करायचं म्हणून वही उघडली, आणि कोटाच्या तिसऱ्या पानावर त्यांचंच तोंड बंद झालं. गाभाऱ्याच्या मापांशेजारी बारीक अक्षरात एक टीप होती: आत टॉर्च लागला नाही. एक्केचाळीस देवळांत ही टीप फक्त इथे होती. आत उजेड होता. तो कुठून येतोय हे बघायला त्यांनी मान वर केली नव्हती. सेल वाचले म्हणून खूश झाले होते.

बुधवारी तीन पॅन्टी आणि एक कोट तसाच टाकून मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि सायकल काढली. वारा अर्थातच समोरून. सहाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूबवर ठिगळांवर ठिगळं होती, त्यात आणखी एकाची भर घातली, हात काळे केले, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक ट्रकला मनसोक्त शिव्या देत ते कोटाशी पोचले.

उजवीकडे काहीच नव्हतं. नुसतं काही नव्हतं असं नाही. ती जागा सपाट करून, खडी घालून, दाबून टाकली होती. पाया बघायचा तर तोही त्याखाली. वर खात्याच्या माणसांनी चुन्याच्या रेषा मारून ठेवल्या होत्या, डाव्या बाजूच्या उलट्या, अगदी सरळ.

"आत जायचं नाही, काका," दोरीपलीकडचा पहारेकरी म्हणाला.

"मी मोजलंय हे देऊळ."

"मग आता काय राहिलंय?"

मास्तरांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याचं काही चुकलेलं नाही हे कळल्यामुळे ती आणखीच द्यावीशी वाटली. पण एवढ्यावर परत फिरतील तर ते मास्तर कसले. एका बाईच्या आठवणीने एकोणीस वर्षांवर पाणी फिरू द्यायचं नाही, असं ठरवून ते पुढे निघाले. आणखी अकरा किलोमीटरवर दोन देवळं होती. पहिल्याची उजवी बाजू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोजली. डावीप्रमाणे भरली, अगदी पेरापर्यंत. मास्तर एकटेच मोठ्याने हसले. "बघ!" असंही म्हणाले, जवळ कुणी नसताना.

दुसऱ्या देवळाच्या उजव्या अंगाला काटेरी झुडपं होती. ती बाजूला करता करता शर्टाची बाही फाटली. झुडपांमागे भिंतीत एक दार होतं, आणि दारातून वर जाणारा जिना. अकरा पायऱ्या. वर सपाट छत, आणि छतावरून चारी बाजूंचा माळ दिसत होता. वहीत या देवळाखाली काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं: छतावर जायला वाट नाही. मास्तर चौथ्या पायरीवर बसले. आपण इथे सहा रविवार आलो होतो, सहा, आणि हा जिना आपल्यापासून पंधरा पावलांवर होता. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी टेप गुंडाळून जिन्यावरून खाली भिरकावली. मग ती शोधायला पुन्हा काट्यांत शिरावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी फाटक्या बाहीसकट बायकोसमोर स्टूल ओढलं.

"रविवारी चल माझ्याबरोबर. ओटा कुठे होता ते दाखव."

"आता कशाला? खडी बघायला?"

"गुडघे दुखत असतील तर मी हळू चालवतो."

मास्तरीणबाईंनी या वेळी सुई खाली ठेवली. "गुडघे कधी दुखत होते माझे? ते तुम्हीच ठरवलंत. कंटाळा आला होता मला. डबा उघडून त्या ओट्यावर बसायचं, हाका मारायच्या, आणि तुम्ही पलीकडून ओरडायचं, हा खांब झाला की आलोच. आठ वर्षांत एकदा तरी आलात? सावली होती, वारा होता, दोघांना पुरेल एवढी जागा होती. झरोक्यातून मला तुमचा शब्दन् शब्द ऐकू यायचा, आणि त्यात माझं नाव एकदाही नसायचं. मग म्हटलं, भिंतीशी बोलायचं तर घरची भिंत काय वाईट आहे?"

मास्तर तरी काय म्हणणार? आकडे पुटपुटताना बायकोचं नाव कुठे घेतात? पण हे उत्तर नव्हतं हे त्यांनाही समजत होतं. ते फाटलेल्या बाहीचे दोरे ओढू लागले.

"ओट्याची उंची आठवते का?" शेवटी ते म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं, पण निघालं हेच.

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तरी उठल्या. "माप म्हटल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. घ्या."

मग जिन्याखालच्या त्या दुकानात एक अजब काम चाललं. स्टुलावर कापडाचे गठ्ठे रचायचे, मास्तरीणबाईंनी वर बसून बघायचं, नाही म्हणायचं, एक गठ्ठा काढायचा. "पाय पुरते टेकायचे नाहीत. अंगठे टेकायचे फक्त. हां, एवढाच." मास्तरांनी उंची घेतली. "पाठ टेकली की इथे टोचायचं." तिने हात मागे नेऊन खांद्याच्या खाली बोट ठेवलं. तिथे कंगोरा असणार. मास्तरांनी तेही घेतलं. "झरोका उभी राहिले की कपाळाशी." तेही घेतलं. आकडे लिहिताना ते थबकले. खांद्यापासून बैठकीपर्यंतचा आकडा त्यांच्या डोक्यातल्या आकड्याशी जुळेना. बायकोचे ब्लाउज ते भिंतीवरच्या कागदी नमुन्यावरून कापत, आणि तो नमुना लग्नानंतर दोन-तीन वर्षांतला होता.

"मग ब्लाउज बसतात कसे तुला?"

"मी उसवते आणि परत शिवते," ती म्हणाली. "तुम्ही रविवारी गेलात की."

शुक्रवारी मास्तर खात्याच्या ऑफिसात गेले. मॅडमच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, रंगीत, दोन्ही बाजू सारख्या, इतका सुरेख की मास्तरांनी वही त्यावर न ठेवता मांडीवर घेतली. त्यांनी सगळं सांगितलं. ओटा, झरोका, टॉर्चची टीप, गठ्ठे रचून घेतलेली मापं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"मास्तर, आठवणीवरून बांधता येत नाही. नियमच आहे तसा. भिंत उभी असताना घेतलेलं लेखी माप हवं. तुमच्याकडे ते एकच आहे, हे दोन शब्द."

"ते चुकीचे आहेत."

"मग आमच्याकडे उजव्या बाजूची काहीच नोंद नाही. काम होणार नाही. डाव्या भिंतीला लोखंडी टेकू लावतील आणि फाइल बंद." त्यांनी आवाज खाली आणला. त्याही वैतागल्या होत्या, दोन महिने त्या या एका फाइलीमागे धावत होत्या. "मला पटतंय तुमचं. पण सही केलीत तर निदान देऊळ उभं राहील. फलक लागेल. ओटा नव्हता की होता, कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी नकाशावरच्या उजव्या भिंतीकडे बघितलं. ती अखंड होती, गुळगुळीत, कुठे बसायची सोय नसलेली.

"आमच्या घरात कळेल," ते म्हणाले.

त्यांनी सही केली नाही. मॅडमचंच पेन घेऊन वहीतले ते दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं: उजवी बाजू मी पाहिली नाही. ऑफिसातून बाहेर पडल्यावर ते सायकलच्या कुलपाशी बराच वेळ झटापट करत राहिले. किल्ली उलटी धरली होती.

घरी शाबासकी मिळेल अशी त्यांची समजूत होती. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सही करून टाकायची होती."

"काय?"

"देऊळ तरी उभं राहिलं असतं. आता लोखंडाला टेकून अर्धं राहणार ते. काय मिळवलंत?"

"अगं, तुझ्या ओट्यासाठी केलं मी!"

"ओटा तर तसाही येणार नव्हता."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. या बाईला सही केली असती तरी पटलं नसतं आणि नाही केली तरी पटत नाही, मग माणसाने करायचं काय? ते शनिवारभर घुम्यासारखे मशीन चालवत राहिले. राहिलेला कोट शिवला, तीनही पॅन्टी शिवल्या, एका पॅन्टीची टीप दोनदा उसवली. संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचा जुना कागदी नमुना काढून टाकला आणि बुधवारच्या आकड्यांवरून नवा कापला. पूर्ण पाठीचा. मास्तरीणबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि टांगून ठेवला.

रविवारी सकाळी मास्तर चाकात हवा भरत असताना त्या डबा घेऊन खाली आल्या आणि कॅरिअरवर बसल्या. मास्तरांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या उतरल्या असत्या, एवढं शहाणपण त्यांना आलं होतं. दोघांचं वय आणि वजन वाढलेलं, त्यामुळे चढाला उतरून सायकल ढकलावी लागली, एकदा नव्हे, तीनदा.

कोटाशी पहारेकरी नव्हता. दोरीही काढून नेली होती. डाव्या भिंतीला दोनच दिवसांत लोखंडी टेकू लागले होते, तेवढ्यात मात्र खात्याने चपळाई दाखवली होती, आणि चुन्याच्या रेषा वाऱ्याने पुसट झाल्या होत्या. मास्तरीणबाई उजव्या अंगाने खडीवरून चालत गेल्या, दारापासून पावलं मोजली, मागे वळून उरलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, दोन पावलं सरकल्या.

"इथे," त्या म्हणाल्या.

मास्तर तिथे आले. वारा खरंच होता. भिंत गेल्यामुळे सावली मात्र नव्हती, ऊन थेट खडीवर पडत होतं आणि खडी तापली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. टेकायला एक धड दगडही कंत्राटदाराने सोडला नव्हता. त्यांनी खिशातला रुमाल काढून खडीवर पसरला, तो वाऱ्याने उडाला, तो आणायला ते धावले, आणून पुन्हा पसरू लागले.

"राहू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसायला जागा होती तेव्हा आला नाहीत."

मास्तर रुमाल हातात धरून उभे राहिले. तिने डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं, आणि दोघांनी उन्हात उभ्यानेच खाल्लं.